‘तोसाठी’ नाही, ‘त्याच्यासाठी’: जर्मनचा आकुझाटीव मराठीच्या वाटेने

‘तोसाठी चहा ठेव’ असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. तीन वर्षांचं पोरसुद्धा ‘त्याच्यासाठी’ म्हणतं. त्याला कुणी विभक्ती शिकवलेली नसते, ‘सामान्यरूप’ हा शब्द त्याच्या कानावरून गेलेला नसतो. पण ‘साठी’ आलं की ‘तो’ चालत नाही, हे त्याच्या जिभेला ठाऊक असतं. जर्मनमध्ये ‘साठी’ म्हणजे ‘फ्यूर’ आणि ‘तो’ म्हणजे ‘एअर’. ‘फ्यूर एअर’ हे जर्मन माणसाच्या कानाला ‘तोसाठी’इतकंच खुपतं. तो म्हणतो ‘फ्यूर ईन’. ‘एअर’चं ‘ईन’ होणं हाच आकुझाटीव.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते आणि शनिवार-रविवारी सकाळी घरीच जर्मनच्या पहिल्या पातळीचा, म्हणजे ए-वनचा वर्ग घेते. कळव्याहून एक नर्स येते. ऐरोलीच्या आयटी कंपनीत काम करणारा एक मुलगा येतो. घोडबंदर रोडवरून येणाऱ्या एका मुलीचा नवरा स्टुटगार्टला आहे आणि तिकडे जायच्या व्हिसासाठी तिला ए-वनचं प्रमाणपत्र हवं आहे. तिघांची कारणं वेगळी, पण अडकायची जागा एकच. सुरुवातीचं ‘गुटेन टाग’, आकडे, आठवड्याचे वार हसतखेळत होतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आकुझाटीव आला की चेहरे उतरतात.

माझं मत असं झालंय की यात विषयाचा दोष कमी आणि वाटेचा जास्त आहे. बहुतेक जण जर्मन इंग्रजीतून समजून घेतात. इंग्रजीत ‘ही’चं ‘हिम’ होतं तेवढंच. नामाआधीचा ‘द’ जागचा हलत नाही आणि निर्जीव वस्तूंना लिंग नसतं. मराठीत तीन लिंगं आहेत, विभक्त्या आहेत, नामं आणि सर्वनामं रोज आपलं रूप बदलतात. घरात एवढं सामान असताना शेजाऱ्याकडे मागायला कशाला जायचं?

जर्मन शब्द मी देवनागरीत लिहिते आहे, तेव्हा उच्चाराचं थोडं सांभाळून घ्या. ‘झ’ हा ‘माझा’ आणि ‘झाड’मधला. ‘इश’, ‘मिश’ यांतला शेवटचा ‘श’ खरं तर ‘श’ आणि ‘ह’ यांच्या मधला आहे, टाळूला घासून गेलेली हवा म्हणा.

कर्म बदलतं, पण पुल्लिंगीच

आकुझाटीव म्हणजे आपली द्वितीया, कर्माची विभक्ती. ‘आई मुलाला बोलावते’ यात बोलावणारी आई कर्ता आणि जो बोलावला जातो तो मुलगा कर्म. कर्म झाल्याबरोबर ‘मुलगा’चं ‘मुलाला’ झालं. जर्मनमध्ये हा बदल बहुतेक वेळा नामात दिसत नाही, नामाच्या आधी येणाऱ्या आर्टिकलमध्ये दिसतो. पुल्लिंगी नामाला ‘डेअर’, स्त्रीलिंगीला ‘डी’, नपुंसकलिंगीला ‘डास’ आणि अनेकवचनात सगळ्यांना ‘डी’. ही झाली कर्त्याची रूपं. कर्म झालं की यातलं फक्त एक बदलतं: ‘डेअर’चं ‘डेन’ होतं. बाकीची तिन्ही जशीच्या तशी.

‘डेअर मान कोम्ट’ म्हणजे तो माणूस येतो. ‘इश झेए डेन मान’ म्हणजे मी त्या माणसाला बघते. ‘एक’ या अर्थाच्या ‘आइन’चं ‘आइनन’ होतं, ‘नाही’ दाखवणाऱ्या ‘काइन’चं ‘काइनन’, ‘माझा’ या अर्थाच्या ‘माइन’चं ‘माइनन’. सगळीकडे शेवटी तोच ‘न’ ऐकू येतो. पुढे सर्वनामातल्या ‘ईन’मध्येही तोच भेटेल.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर हे ओळखीचं वाटेल. ‘देवः देवौ देवाः प्रथमा, देवम् देवौ देवान् द्वितीया’ अशी चाल लावून पाठ केलेलं कुठे जातं? ‘देवः’चं ‘देवम्’ झालं, पण ‘वनम्’चं द्वितीयेतही ‘वनम्’च राहिलं. जर्मनमध्येही पुल्लिंगी बदलतं आणि नपुंसकलिंगी तसंच राहतं. हा योगायोग नाही. संस्कृतचं ‘सः–तम्’ आणि जर्मनचं ‘डेअर–डेन’ यांच्या द्वितीयेचा शेवट एकाच जुन्या प्रत्ययातून आला आहे. तिकडे ‘म्’ टिकला, इकडे त्याचा ‘न’ झाला. स्त्रीलिंगात संस्कृतने ‘लता–लताम्’ असा फरक जपला, जर्मनने तो सोडून दिला. या नात्याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन विद्वानांनीच मोठ्या प्रेमाने केला. फ्रान्झ बॉपने 1816 मध्ये संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनिक भाषांशी तुलना छापली. ज्याच्या नावाने मुंबईत काळा घोड्याजवळचं भवन आहे, त्या डेसाऊत जन्मलेल्या मॅक्स म्युल्लरने 1849 ते 1874 अशी पंचवीस वर्षं सायणभाष्यासह ऋग्वेद छापण्यात घालवली आणि तो स्वतः भारतात एकदाही आला नाही. ‘डेन’ पाठ करताना मला हे सगळं आठवतं आणि तो शब्द परका वाटेनासा होतो.

आता पहिला खड्डा. मराठीत आपण ‘मी दादाला बघते’ म्हणतो, पण ‘मी पंख्याला बघते’ म्हणत नाही; ‘मी पंखा बघते’. म्हणजे ‘ला’ लावायचा की नाही हे आपण साधारणपणे कर्म सजीव आहे की निर्जीव यावर ठरवतो. जर्मनला सजीव-निर्जीवाशी काही देणंघेणं नाही, तिथे फक्त लिंग बघतात. त्यामुळे माझे विद्यार्थी ‘इश झेए डेन मान’ बरोबर म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात ‘इश ट्रिंके डेअर टे’ म्हणून जातात, कारण मराठीत ‘मी चहा पिते’ म्हणताना चहाला काहीच होत नाही. जर्मनमध्ये चहा पुल्लिंगी, म्हणून ‘इश ट्रिंके डेन टे’. छत्री, म्हणजे ‘शिर्म’, पुल्लिंगी, म्हणून ‘इश ब्राउखे आइनन शिर्म’, मला छत्री हवी आहे. जुलैच्या ठाण्यात हे वाक्य रोज म्हणता येतं. गाडी, ‘त्सूग’, हीसुद्धा पुल्लिंगी: ‘इश नेमे डेन त्सूग’. हा शब्द तर ठाणेकराने आधी शिकावा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच तर आली होती.

दुसरा खड्डा याहून खोल आहे, कारण तो दिसतच नाही. स्वतःची ओळख करून देताना पहिल्याच तासाला लागणारं वाक्य घ्या: ‘मला एक भाऊ आहे.’ ऐरोलीच्या मुलाने कितीतरी आठवडे ‘इश हाबे आइन ब्रूडर’ लिहिलं. मी लाल रेघ मारायची आणि तो पुन्हा तेच लिहायचा. मग एकदा आम्ही दोघांनी बसून त्याचं मराठी वाक्य उलगडलं. ‘मला एक भाऊ आहे’ यात ‘आहे’चा कर्ता भाऊ आहे! त्याच्या मनात भाऊ प्रथमेत होता, म्हणून जर्मनमध्येही प्रथमेत उतरत होता. जर्मन मात्र म्हणतं ‘मी एक भाऊ बाळगतो’. तिथे ‘मी’ कर्ता आणि भाऊ कर्म, म्हणून ‘इश हाबे आइनन ब्रूडर’. त्या दिवसानंतर त्याची ही चूक थांबली. ‘हाबन’ (असणं, बाळगणं), ‘ब्राउखन’ (गरज असणं), ‘म्योश्टन’ (हवंसं असणं) ही क्रियापदं आली की मराठी वाक्यातला ‘मला’ विसरायचा आणि ‘मी’पासून वाक्य सुरू करायचं.

‘इथे एक तलाव आहे’ याचंही असंच. जर्मनमध्ये याला ‘एस गिब्ट’ लागतं. शब्दशः अर्थ ‘ते देतं’. देतं म्हटल्यावर काय देतं हे आलंच, म्हणून ‘हीअर गिब्ट एस आइनन झे’. याउलट ‘हा एक तलाव आहे’ असं ओळख सांगणारं वाक्य असेल तर ‘डास इस्ट आइन झे’, तिथे ‘आइनन’ नाही. ‘इस्ट’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘आहे’ला कर्म नसतं. ‘डेन’ नव्याने शिकलेले लोक आठवडाभर तो सगळीकडे लावत सुटतात, त्यांनी एवढं सांभाळावं.

मला, तुला, त्याला

सर्वनामांची यादी लहान आहे, पाढ्यासारखी म्हणून टाका. मी–मला: इश–मिश. तू–तुला: डू–डिश. तो–त्याला: एअर–ईन. ती–तिला: झी–झी. ते–त्याला, नपुंसकलिंगी: एस–एस. आम्ही–आम्हाला: वीअर–उन्स, ‘आपण–आपल्याला’ यालाही हेच, जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द नाहीत. तुम्ही–तुम्हाला, दोन-तीन मित्र एकत्र असले तर: ईअर–ऑइश. ते, त्या–त्यांना: झी–झी. आणि आदराने ‘तुम्ही–तुम्हाला’: पुन्हा झी–झी, फक्त लिहिताना पहिलं अक्षर मोठं. परीक्षेत पत्र लिहायचं असतं तेव्हा हे मोठं अक्षर विसरू नका, नाहीतर ‘तुम्हाला’चं ‘तिला’ होतं.

आपल्या ‘तुम्ही’मध्ये शेजारच्या काकाही येतात आणि शाळेतली चार मित्रमंडळीही. जर्मन हे दोन वेगळे करतं. काकांना ‘झी’, मित्रांना ‘ऑइश’. ‘मी तुम्हाला फोन करते’ हे वाक्य जर्मनमध्ये नेण्याआधी समोर कोण आहे ते डोळ्यांपुढे आणावं लागतं.

निर्जीव वस्तूंसाठी कोणतं सर्वनाम वापरायचं, यात इंग्रजीची वाट सगळ्यात जास्त फसवते. ‘छत्री कुठे आहे?’ ‘माझ्याकडे आहे ती.’ आपण छत्रीला ‘ती’ म्हणतो, पंख्याला ‘तो’, पुस्तकाला ‘ते’. जर्मनही वस्तूच्या लिंगाप्रमाणेच सर्वनाम घेतं. ‘वो इस्ट डेअर शिर्म?’ छत्री कुठे आहे? ‘इश हाबे ईन.’ माझ्याकडे आहे. इंग्रजीतून विचार करणारा इथे ‘इश हाबे एस’ म्हणतो, कारण त्याच्या डोक्यात सगळ्या वस्तूंना एकच ‘इट’ असतं. मराठी माणसाला ही चूक करायचं काही कारण नाही.

अर्थात, दोन्ही भाषांची लिंगं जुळतीलच असं नाही. चहा आपल्याकडे तो आणि तिकडेही पुल्लिंगी. पाणी ते, ‘वासर’ही नपुंसक. पुस्तक ते, ‘बूख’ही नपुंसक. पण कॉफी आपली ती आणि तिकडची पुल्लिंगी. दूध आपलं ते आणि तिकडचं ‘मिल्श’ स्त्रीलिंगी. त्यामुळे नाम पाठ करताना आर्टिकलसकट पाठ करायचं, याला इलाज नाही. एक गंमत मात्र सांगते. जर्मनमध्ये ‘मेट्शन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी आहे आणि त्याचं सगळ्यांना नवल वाटतं. तो शेवटचा ‘शन’ लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसक होतो. आपलं वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू कोणत्या लिंगात आहेत ते आठवा. लहानग्यांना ‘ते’ म्हणण्याची माया दोन्हीकडे आहे.

‘ला’ एक, विभक्त्या दोन

आता मराठी माणसाची खरी अडचण, जी जर्मनच्या पुस्तकात सापडत नाही, कारण ती पुस्तकं आपल्यासाठी लिहिलेली नसतात. शाळेतलं ‘स, ला, ते’ आठवतं ना? द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते आणि चतुर्थीचेही स, ला, ते. दोन विभक्त्या, पण रूप एकच. ‘मी त्याला ओळखते’ यात ‘त्याला’ द्वितीया. ‘मी त्याला पुस्तक देते’ यात ‘त्याला’ चतुर्थी. आपल्याला ऐकताना काही फरक जाणवत नाही. जर्मनमध्ये मात्र पहिल्याला ‘ईन’ आणि दुसऱ्याला ‘ईम’: ‘इश केने ईन’, पण ‘इश गेबे ईम डास बूख’. ही चतुर्थी म्हणजे डाटीव. ‘मला’चंही तसंच, आकुझाटीवमध्ये ‘मिश’ आणि डाटीवमध्ये ‘मीअर’.

मी वर्गात सांगते ती कसोटी अशी. मराठी वाक्याला दोन प्रश्न विचारा: ‘काय?’ आणि ‘कोणाला?’ दोन्हींची उत्तरं मिळाली, तर ‘काय’चं उत्तर आकुझाटीव आणि ‘कोणाला’चं डाटीव. मी त्याला पुस्तक देते: काय देते? पुस्तक. कोणाला? त्याला. म्हणून ‘ईम’. एकच उत्तर मिळालं, तर ते बहुधा आकुझाटीव. मी त्याला ओळखते, मी त्याला भेटते, मी त्याला शोधते: सगळीकडे ‘ईन’.

ही कसोटी बरीच पुरते, पण तीही फसते आणि कुठे फसते ते माहीत असलेलं बरं. ‘मी त्याला फोन करते’ यात ‘काय?’चं उत्तर ‘फोन’ येतं, म्हणून ‘त्याला’ डाटीव वाटतो. जर्मनमध्ये ‘आनरूफन’ या एका क्रियापदातच फोन करणं सामावलेलं आहे, म्हणून ‘इश रूफे ईन आन’, आकुझाटीव. ‘मी त्याला प्रश्न विचारते’ याचंही ‘इश फ्रागे ईन’. उलट बाजूने, ‘मी त्याला मदत करते’ याचं ‘इश हेल्फे ईम’, डाटीव. ‘हेल्फन’ (मदत करणं), ‘डांकन’ (आभार मानणं), ‘गेफालन’ (आवडणं) अशी काही क्रियापदं डाटीवच घेतात. ती थोडीच आहेत, वेगळ्या पानावर लिहून ठेवा. त्यातल्या ‘गेफालन’ची रचना मात्र अगदी आपली आहे. ‘मला ठाणं आवडतं’ म्हणजे ‘ठाणे गेफेल्ट मीअर’. संस्कृतमध्येही ‘मह्यं रोचते’, चतुर्थीच.

आणि एक क्रियापद, ज्यासाठी मी आधीपासून सावध करते. मराठीत ‘तो तिच्याशी लग्न करतो’. जर्मनमध्ये तिथे ‘शी’ नाही, ‘बरोबर’ नाही, सरळ आकुझाटीव: ‘एअर हाइराटेट झी’. जोडीदाराच्या व्हिसासाठी शिकणाऱ्यांना हे वाक्य लवकर लागतं.

तलावपाळीला फेरी

आता अव्ययांकडे. पाच अव्ययं अशी आहेत की ती आली की पुढे आकुझाटीवच येणार, दुसरा विचारच करायचा नाही: डुर्श, फ्यूर, गेगन, ओने, उम. रोमन वर्णानुक्रमातच आहेत, त्याच क्रमाने म्हणत राहा. आपल्या भाषेत तून, साठी, विरुद्ध, शिवाय, भोवती. ही आपली शब्दयोगी अव्ययं. ती नामाच्या मागे चिकटतात आणि नामाला सामान्यरूप घ्यायला लावतात, तलाव–तलावाभोवती. जर्मन अव्ययं नामाच्या आधी उभी राहतात आणि नामाला आकुझाटीव घ्यायला लावतात. जागा बदलली, काम तेच.

हा धडा मी घरात बसून शिकवत नाही. रविवारी सकाळी सगळ्यांना घेऊन तलावपाळीला जाते. मासुंदा तलावाला एक फेरी मारायला फार वेळ लागत नाही आणि ‘उम’ समजायला फेरीसारखं दुसरं काही नाही. ‘वीअर गेएन उम डेन झे’, आम्ही तलावाभोवती चालतो. पाय चालत असतात आणि तोंडात ‘उम डेन, उम डेन’ असतं. इथे हे सांगून ठेवते की ‘डेअर झे’ म्हणजे तलाव आणि ‘डी झे’ म्हणजे समुद्र. शब्द तोच, आर्टिकल बदललं की तलावाचा समुद्र होतो. ‘उम डेन झे’ म्हणालात तर तलावपाळीलाच आहात. संस्कृतमध्येही ‘परितः’, म्हणजे भोवती, आलं की द्वितीयाच लागते: ‘ग्रामं परितः’. ‘विना’बरोबरही द्वितीया चालते. दूरच्या नातेवाइकाच्या घरी आपल्याच घरची सवय दिसावी, तसं वाटतं मला हे.

‘उम’चं दुसरं काम घड्याळाचं. ‘उम आख्ट’ म्हणजे बरोबर आठ वाजता. आणि ‘गेगन आख्ट’ म्हणजे आठच्या सुमारास. लोकल पकडणाऱ्याला हा फरक समजवावा लागत नाही.

‘गेगन’चा मूळ अर्थ विरुद्ध. ‘इश बिन गेगन डेन प्लान’, मी या बेताच्या विरुद्ध आहे. पण औषधाच्या दुकानात याची खरी गरज पडते. आपण ‘खोकल्यासाठी औषध’ म्हणतो, म्हणून कळव्याची नर्स ‘फ्यूर’ म्हणायची. जर्मनमध्ये औषध खोकल्याच्या विरुद्ध असतं: ‘एट्वास गेगन हुस्टन’, खोकल्यावर काहीतरी द्या. तिला मी अजून एक सांगितलं. ‘पात्सिएन्ट’ हा शब्द आर्टिकलबरोबर स्वतःही बदलतो: ‘डेअर पात्सिएन्ट’, पण ‘इश वाशे डेन पात्सिएन्टन’, मी पेशंटला अंघोळ घालते. अशी काही पुल्लिंगी नामं आहेत. ‘मुलगा–मुलाला’मध्ये नाम बदलतंच की, त्यामुळे तिला ते पटकन पटलं.

‘डुर्श’ म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर. कळव्याच्या पुढे पारसिकचा बोगदा आहे, त्याच्याइतकं चांगलं चित्र नाही: ‘डेअर त्सूग फेअर्ट डुर्श डेन टुनल’, गाडी बोगद्यातून जाते. जपायचं एवढंच की आपलं ‘तून’ दोन कामं करतं. ‘बोगद्यातून जाते’ आणि ‘घरातून निघते’. दुसऱ्यात आरपार जाणं नाही, नुसतं बाहेर पडणं आहे. त्याला ‘आउस’ लागतं आणि ‘आउस’ डाटीव घेतं. आरपार असेल तरच ‘डुर्श’.

‘ओने’ सोपं आहे. ‘टे ओने त्सुकर’, बिनसाखरेचा चहा. बऱ्याचदा ‘ओने’नंतर आर्टिकलच नसतं, म्हणून आकुझाटीव दिसत नाही; आला की दिसतो. ‘ओने डिश’, तुझ्याशिवाय. ‘ओने माइनन ब्रूडर’, माझ्या भावाशिवाय.

‘फ्यूर’ मला नवशिक्यांसाठी सगळ्यात उपयोगी वाटतं. ‘मी त्याला भेटवस्तू घेते’ म्हणताना डाटीव लागेल का, ‘ईम’ की ‘ईन’, अशी धडधड होत असेल तर ‘मी त्याच्यासाठी भेटवस्तू घेते’ म्हणा: ‘इश काउफे आइन गेशेंक फ्यूर ईन’. ‘फ्यूर’नंतर आकुझाटीव, शंकाच नाही. देण्याच्या क्रियापदाला मात्र हे चालत नाही. ‘गेबन’बरोबर डाटीव शिकावाच लागेल.

या पाचांखेरीज ‘बिस’, म्हणजे ‘पर्यंत’, हेही याच घरातलं. आणि ‘एन्टलांग’ तर खास आपल्यासाठी असावं. ते नामाच्या आधी न येता बहुतेक वेळा नामानंतर येतं, थेट आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं: ‘डेन वेक एन्टलांग’, वाटेने, वाटेच्या कडेने. पाम बीच रोडला सकाळी पळायला जाणाऱ्यांनी ‘डी श्ट्रासे एन्टलांग’ म्हणावं. कधी अव्यय नसतानाही आकुझाटीव येतो, वेळ सांगताना: ‘येडन टाग’, दररोज. तिथेही शेवटी तोच ‘न’.

आता मला या सगळ्या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट. मराठीत माणसाबद्दल बोलताना आपण ‘त्याच्यासाठी’ म्हणतो आणि गोष्टीबद्दल बोलताना ‘त्यासाठी’. ‘दादा येतोय, त्याच्यासाठी जेवण ठेव.’ ‘परीक्षा आहे, त्यासाठी अभ्यास कर.’ हा फरक आपण कधी शिकलो ते आठवत नाही, पण तो चुकतही नाही. जर्मन नेमकं हेच करतं. माणूस असेल तर ‘फ्यूर ईन’. गोष्ट असेल तर ‘डाफ्यूर’. त्याच्या विरुद्ध ‘गेगन ईन’, त्याविरुद्ध ‘डागेगन’. प्रश्नही तसेच. ‘कोणासाठी?’ म्हणजे ‘फ्यूर वेन?’ आणि ‘कशासाठी?’ म्हणजे ‘वोफ्यूर?’ पुस्तकात हा नियम अर्धं पान घेतो. मी वर्गात ‘कोणासाठी, कशासाठी’ एवढंच म्हणते आणि सगळ्यांच्या माना डोलतात.

आणखी एका ठिकाणी मराठी आपल्याला मदत करत नाही, आणि ते पुढच्या महिन्याचं काम आहे. ठाण्याचं नाट्यगृह, गडकरी रंगायतन घ्या. ‘मी रंगायतनात आहे’ आणि ‘मी रंगायतनात जाते’ यात आपला ‘त’ तोच आहे. जर्मनमध्ये जाण्याला आकुझाटीव आणि असण्याला डाटीव: ‘इश गेए इन्स टेआटर’, पण ‘इश बिन इम टेआटर’. ‘इन्स’ म्हणजे ‘इन डास’ आणि ‘इम’ म्हणजे ‘इन डेम’; ‘डेम’ हे ‘डेअर’ आणि ‘डास’ या दोन्हींचं डाटीव रूप. पुल्लिंगी पार्क घेतलं तर ‘इन डेन पार्क’ आणि ‘इम पार्क’. आन, आउफ, हिन्टर, इन, नेबन, यूबर, उन्टर, फोर, त्स्विशन ही नऊ अव्ययं अशी दोन्हीकडची आहेत. त्यांना विचारायचा प्रश्न ‘कुठे?’ नाही, कारण आपलं ‘कुठे’ही दोन्हींना चालतं. ‘जागा बदलते आहे का?’ असं विचारा. टेबलावर पुस्तक ठेवलं, जागा बदलली: ‘आउफ डेन टिश’. पुस्तक टेबलावर आहे, जागा बदलली नाही: ‘आउफ डेम टिश’. येत्या रविवारी तलावपाळीहून गडकरीच्या पायऱ्यांपर्यंत चालत जाणार आहोत; पायरी चढताना ‘इन्स’, आत शिरल्यावर ‘इम’.